बोट ठेवून नाव घ्यायचं

रुग्णालयाच्या तळघरात शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, मोजून, ट्रेमध्ये लावून वाफेच्या मशीनमध्ये घातली जात. तिथल्या सकाळच्या पाळीतल्या बायका एका ट्रेमागे एक मिनिट फुकट घालवतात, असा शोध एका माणसाने लावला. त्याच्या गळ्यात कायम घड्याळ लटकलेलं असे, म्हणून सगळे त्याला घड्याळवाले म्हणत. दिवसाला पन्नास ट्रे, तर वर्षाचे किती तास, हे त्याने रंगीत आलेख काढून दाखवलं आणि व्यवस्थापकांना घाम फोडला.

पण घोडं एका ठिकाणी अडलं. वर ऑपरेशन थिएटरमधून ‘ट्रे अपुरा आला’ अशा तक्रारी यायच्या, त्या जवळजवळ सगळ्या दुपारच्या आणि रात्रीच्या पाळीच्या. सकाळच्या पाळीच्या नावावर अख्ख्या वर्षात फक्त दोन. संथ पाळी चोख आणि चपळ पाळी गळकी, हे घड्याळात काही बसेना. मग कुणीतरी सुचवलं, की माणसं अशी का वागतात हे शोधणारं एक शास्त्र असतं म्हणे, त्यातलं कुणीतरी आणून बघा.

अशी ती तळघरात आली. मानववंशशास्त्र शिकलेली, चाळिशी ओलांडलेली, आणि आपल्याला माणसं कळतात यावर जरा जास्तच भरवसा असलेली. तिची थोरली बहीण या शास्त्राला ‘लोकांच्या घरात डोकावायचं शास्त्र’ म्हणे. असल्या कामाला पगार मिळतो, याचं ताईला अजून नवल वाटे. सहा आठवडे एका स्टुलावर बसायचं, बघायचं आणि लिहायचं, एवढंच काम. दुसऱ्या दिवशीच बायकांनी तिचं नाव ठेवलं वहीवाली.

खोली लांबट होती. एका टोकाला धुण्याची मशीनं, मध्ये स्टीलची चार टेबलं, दुसऱ्या टोकाला वाफेचं मशीन. बाजूच्या भिंतीत एक सरकती खिडकी होती आणि तिच्यापलीकडे कापड घड्या करायची खोली. चार टेबलांवर चौघी जणी ट्रे लावत. वाफेच्या मशीनच्या अलीकडे एका उंच खुर्चीत मावशी बसे. मावशी तिथली सगळ्यात जुनी, एकतीस वर्षांची नोकरी. केस पांढरेशुभ्र, पाठ ताठ, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही असा चेहरा.

ट्रे लावून झाला की लावणारी तो मावशीपुढे नेऊन ठेवी. मग एकेक हत्यार बोटाने जरासं उचलायचं, त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि टिक असं वाजेल इतपत वरून परत ट्रेमध्ये सोडायचं. "मोठी कात्री." टिक. "वाकडी कात्री." टिक. "चिमटा." टिक. "चिमटा." टिक. मावशी समोर कुठेतरी बघत ऐकत राही. शेवटी ती एक तर ट्रेच्या कडेवर हात ठेवून "जाऊ दे" म्हणे, नाही तर "परत बघ गं" म्हणे. "जाऊ दे" मिळाल्याशिवाय ट्रे वाफेत जात नसे. घड्याळवाल्यांचं हरवलेलं मिनिट ते हेच.

वहीवालीला आठवड्याभरातच सगळं समजलं, म्हणजे तिला तसं वाटलं. वडीलधाऱ्या बाईचा मान, तिच्या हातून जणू परवानगी घेणं, त्यातून टिकणारी गटाची एकी. आठ पानं भरली. त्या दिवशी ती घरी गेली ती स्वतःवर भलतीच खूश होऊन. फोनवर ताईला सगळं सांगितलं, तर ताई म्हणाली, "म्हणजे म्हातारीला विचारून करतात. हे शोधायला तुला आठवडा लागला?"

तिसऱ्या आठवड्यात मावशी दोन दिवस आली नाही. तिच्या जागी पाळीचे पर्यवेक्षक बसले. माणूस सज्जन, डोळ्यांत तेल घालून काम करणारा. ते प्रत्येक ट्रेवर वाकून नीट बघत. आणि ते बघतायत म्हटल्यावर बायकांचं नावं घेणं हळूहळू विरघळत गेलं. आधी आवाज उतरला, मग बोटं उचलेनाशी झाली, दुसऱ्या दिवशी तर "कात्र्या, चिमटे, पकडी, झालं" एवढ्यावर आलं. त्या दोन दिवसांतले दोन ट्रे वरून परत आले. एकात एक पकड कमी होती, दुसऱ्यात वाकड्या कात्रीऐवजी सरळ गेली होती. वहीवालीने आपल्या आठ पानांवर आडवी रेघ मारली. नुसता मान असता, तर पर्यवेक्षकांनाही मान होताच की.

मावशी परत आली त्या दिवशी वहीवालीने तिच्याबद्दल लिहिलेलं पान तिच्यापुढे धरलं. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना ते दाखवायचं, हा तिचा शिरस्ता होता.

"मावशी, बघा बरं, बरोबर लिहिलंय का?"

मावशीने वही हातात घेतली, जरा लांब धरली आणि म्हणाली, "अक्षर मोत्यासारखं आहे गं तुझं."

वही उलटी होती.

चौघींमधल्या एकीला सगळ्या बडबडी म्हणत, कारण तिचं तोंड कधी मिटत नसे. ती तेवढी आली, मावशीच्या हातातली वही न बोलता सुलट केली आणि आपल्या टेबलावर परत गेली. मावशी हसली नाही की रागावली नाही. तिने वही मिटून वहीवालीच्या मांडीवर ठेवली.

जेवणाच्या सुट्टीत बडबडीने वहीवालीला जिन्यात गाठलं. "चार वर्षं झाली. मधलंच दिसत नाही तिला. कडेकडेचं दिसतं, म्हणून चालते-फिरते नीट. आधी ती स्वतः बघून मोजायची. दिसेना तेव्हा म्हटलं, आपण सांगू, तिने ऐकावं. तिला कळूही न देता सुरू केलं, पण तिला काय कळायचं राहतंय? तिनेच मग नियम घातला, बोट ठेवल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. पाठ म्हणायचं नाही. पाठ म्हटलं की ऐकू येतं म्हणे तिला." बडबडी थांबली. चार वर्षं हे पोटात ठेवणं तिला जड गेलं असावं. "निवृत्तीला चौदा महिने राहिलेत तिच्या. घरी कुणी नाही. ही खुर्ची गेली तर ती खचेल, मॅडम. तुम्ही काय लिहिणार?"

वहीवाली "बघते" म्हणाली. हे उत्तर नव्हे, हे दोघींना ठाऊक होतं.

पुढचे दिवस ती फक्त मोजत राहिली. एकूण एकतीस वेळा ट्रे मावशीपुढूनच टेबलाकडे परत फिरले. त्यांतल्या बावीस वेळा मावशीने तोंडही उघडलं नव्हतं. नाव घेता घेता लावणारीच अडखळली होती आणि स्वतःहून मागे वळली होती. उरलेल्या नऊ वेळा मावशीने पकडलं होतं. नावं चार आणि ‘टिक’ तीन, असं काहीतरी. बायकांनी हे सगळं उभं केलं ते एका बाईचं न दिसणं झाकून न्यायला, आणि त्यातून त्या इमारतीतली सगळ्यात पक्की तपासणी तयार झाली होती. वहीवालीला हे कळलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. तिच्या शास्त्रात असं एखादं उदाहरण मिळायला माणसं आयुष्य घालवतात.

आता ते लिहायचं कसं? तिने दोन रात्री विचार केला आणि आपल्या मते फार शहाणा मार्ग काढला. अहवालात सगळं लिहिलं. बोट, नाव, टिक, ऐकणारी, बावीस आणि नऊ. त्यातलं एक वाक्य तर तिने मुद्दाम ठळक केलं: ऐकणारीने ट्रेकडे बघू नये, ती बघू लागली की सांगणारी सैल पडते. मावशीच्या डोळ्यांबद्दल मात्र अक्षर नाही. हे वाक्य म्हणजे मावशीच्या खुर्चीला लावलेलं कुलूप आहे, असं तिला वाटलं. जिथे बघायचंच नाही, तिथे डोळ्यांची चौकशी कोण करणार?

व्यवस्थापक बेहद्द खूश झाले. इतके, की त्यांनी तिन्ही पाळ्यांसाठी ‘श्रवण पडताळणी साहाय्यक’ असं नवं पद काढलं. सकाळच्या पाळीत पहिला मान मावशीचा, असं स्वतः म्हणाले. घड्याळवाल्यांचं मिनिट वाया जात नाही, हेही मान्य झालं. परिपत्रक निघालं. आणि परिपत्रकाच्या तळाशी, प्रत्येक नव्या पदाच्या परिपत्रकात असते तशी, एक ओळ होती: उमेदवाराची कान व डोळे तपासणी बंधनकारक.

वहीवाली धावत व्यवस्थापकांकडे गेली. "या पदाला डोळ्यांची गरजच नाही. मी अहवालात लिहिलंय तसं."

"बरोबर आहे, बघायचं नाही," ते समजुतीने म्हणाले. "पण बघायचं नाही आणि दिसत नाही, यात फरक आहे ना? का, कुणाची अडचण आहे?"

त्यांना सगळं सांगायची ती वेळ होती. ती "नाही, सहज विचारलं" म्हणाली आणि बाहेर आली.

तळघरात तोवर बायकांनी तयारी सुरू केली होती. डोळे तपासायच्या खोलीतल्या तक्त्याचा फोटो बडबडीने कुठूनसा पैदा केला होता. वरपासून खालपर्यंत अक्षरं ओळीने पाठ करायची, मावशीने घडाघडा म्हणायची, काम फत्ते. चौघी जणी मावशीच्या खुर्चीभोवती उभ्या राहून तिला पहिली ओळ सांगत होत्या. मावशीने तीन ओळी ऐकून घेतल्या.

"बास," ती म्हणाली. "बोट न ठेवता नावं घ्यायला लावताय मला?"

"मावशी, हे वेगळं आहे," बडबडी काकुळतीला आली.

"वेगळं कसं? पाठ म्हटलेलं मला ऐकू येतं, तर त्या डॉक्टरला येणार नाही?" मग तिने मान वळवली, जिथे स्टूल असायचं त्या दिशेला. "वहीवाली आहे ना इथे?"

"आहे, मावशी."

"तू लिहिलंस ते मला या पोरींनी वाचून दाखवलं. फार छान लिहिलंस. सगळं उचलून दाखवलंस. एकच तेवढं तुझ्या बोटाखाली होतं आणि तू त्याचं नाव घेतलं नाहीस."

"तुमच्यासाठीच केलं मी."

"ते कळलं गं. पण नाव घेऊन लिहिलं असतंस, तर भांडायला तरी जागा होती. म्हातारीला दिसत नाही म्हणूनच हे काम जमतं, असं सरळ लिहायचं. आता मी लपवलं असं होणार. आणि लपवलंच होतं."

वहीवालीला लाज वाटली, साधी, लहानपणी वाटते तशी. ती वर गेली आणि व्यवस्थापकांना सगळं सांगितलं, अथपासून इतिपर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकलं, हळहळलेही. पण चार वर्षं दिसत नसताना शेवटची तपासणी या बाईच्या हातात होती, हे एकदा कानावर आल्यावर त्यांना कानाडोळा करता येईना. मावशी तपासणीला गेली. पहिल्याच ओळीला "दिसत नाही" म्हणाली आणि उठून आली. तिची बदली कापडाच्या खोलीत झाली. घड्या घालायला डोळे लागत नाहीत, असं परिपत्रकात नव्हतं, पण सगळ्यांनी ते मान्य केलं.

वहीवालीचा करार संपायला चार दिवस उरले होते. उंच खुर्चीत आता एक तरुण बाई बसत होती. डोळे उत्तम, कान उत्तम, नियमाप्रमाणे भिंतीकडे तोंड. काम ठीक चाललं होतं. वहीवालीने तसं लिहूनही ठेवलं. तिला एवढंच खटकलं, की बायका पूर्वीपेक्षा फार मोठ्याने नावं घेतायत. एवढं ओरडायची काही गरज नव्हती, खुर्ची हाताच्या अंतरावर होती. आणि कापडाच्या खोलीची सरकती खिडकी, जी एरवी कापूस उडतो म्हणून बंद असे, ती वीतभर उघडी होती.

शेवटच्या दिवशी बडबडीने एक मोठा ट्रे लावला आणि खुर्चीपुढे ठेवला. "मोठी कात्री." टिक. "वाकडी कात्री." टिक. "चिमटा." टिक. "चिमटा, चिमटा, चिमटा." टिक, टिक. "पकड." टिक. अशी शेवटपर्यंत गेली.

भिंतीकडे तोंड केलेली तरुण बाई म्हणाली, "जाऊ दे."

बडबडीने ट्रे उचलला नाही. बाकीच्या तिघीही हातातलं काम थांबवून उभ्या राहिल्या. वहीवालीला आधी कळेना, या कशासाठी थांबल्यात. खिडकीपलीकडे कापड झटकल्याचा आवाज आला, मग तो थांबला.

"परत बघ गं," खिडकीतून आवाज आला.

तरुण बाई वळून खिडकीकडे बघू लागली, मग वहीवालीच्या हातातल्या उघड्या वहीकडे. वहीवालीने वही मिटली आणि पर्समध्ये टाकली.

बडबडी ट्रे घेऊन टेबलाशी गेली, चिमटे एका बाजूला काढले आणि एकेकावर बोट ठेवून मोजले. तीनच होते.