ताईच्या मापाची खुर्ची

हौशी सुतार मंडळाच्या दारावर एक पाटी आहे: 'नवीन लोकांचं मनापासून स्वागत.' पाटी अगदी शंभर टक्के खरी आहे, हे आधीच सांगून टाकते. इतकं स्वागत माझं सासरीसुद्धा झालं नव्हतं.

मी गणिताची बाई. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. रस्त्यात कुणी वाकडी गाडी लावली तर "पुन्हा लाव" असं तोंडातून निघून जातं. आयुष्यभर खडूशिवाय हातात काही धरलं नाही. मग सुतारकामात कुठे शिरले? ताईमुळे. माझी सगळी खुळं ताईपासूनच सुरू होतात.

ताई वयाने माझ्याहून मोठी, उंचीने मात्र माझ्या खांद्याला लागते. मोठ्या दवाखान्यात हेड नर्स होती. डॉक्टरसुद्धा तिला टरकून असायचे. तिने लग्न केलं नाही आणि कधी कुणाचं ऐकलंही नाही. आता तिचे गुडघे कुरकुरायला लागलेत, आणि ती राहते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी म्हटलं, माझ्याकडे ये, तळमजला आहे, हे गेल्यापासून मी एकटीच आहे. तर म्हणाली, "वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय. उन्हाळा संपला की जाते. कुणाच्या घरात अडगळ व्हायचं नाही मला."

"अडगळ कसली? बहिणीचं घर आहे."

"तुझ्या घरात मी बसू कुठे? सगळ्या खुर्च्या तुझ्या नवऱ्याच्या मापाच्या. पाय लोंबकळत बसायला मी काय बालवाडीत आहे?"

आता हे खरंच होतं. ह्यांचं डोकं दाराच्या चौकटीला लागायचं, त्यामुळे घरातलं सगळं फर्निचर त्यांनी मुद्दाम उंच करवून घेतलेलं. मी तिरीमिरीत म्हणून गेले, "मग तुझ्या मापाची खुर्ची करते मी."

ताई हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "तू? आयुष्यात एक खिळा ठोकलायस? कर, कर. विकतची नको आणि करवून घेतलेलीही नको. तुझ्या हातची खुर्ची झाली की त्या दिवशी सामान घेऊन येते."

तिला वाटलं, ब्याद टळली. पण मीही तिचीच बहीण. आणि खरं सांगू? मला धास्ती पडली होती. तो आश्रम गावाबाहेर, दोन बस बदलून जायचं. ताई एकदा तिकडे गेली की मला "गप्प बस गं" म्हणणारं या जगात कुणी उरणार नव्हतं.

तर अशी मी मंडळात गेले. वाचनालयाच्या इमारतीखाली तळघर आहे, तिथे दर शनिवारी हे लोक जमतात. भुशाचा आणि सरसाचा वास, भिंतीवर करवती ओळीने टांगलेल्या. सगळे निवृत्त पुरुष. अध्यक्ष पूर्वी विमा कंपनीत होते; भाषण केल्याशिवाय त्यांना नमस्कारही करता येत नाही. दुसऱ्यांना सगळे मिलिमीटर म्हणतात. नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला, आणि चहात साखर घालतानाही ते वाकून पातळी बघतात. तिसरे दंतवैद्य. मऊ आवाज, मऊ हात; लाकडाला पटाशी लावण्याआधी "घाबरायचं नाही हं" असं पुटपुटतात.

त्यांनी मला झरोक्याखालची जागा दिली, सगळ्यात चांगली करवत दिली. अध्यक्षांनी स्वागतपर चार शब्द बोलता बोलता चहा गार केला. मग एक पिवळा अ‍ॅप्रन माझ्या अंगावर चढवला. नव्यांना पिवळा, पहिली वस्तू पुरी झाली की तपकिरी, अशी तिथली रीत. पिवळा धुऊन धुऊन जाळीदार झाला होता, तपकिरी मात्र कपाटात कोरे करकरीत घडी घालून ठेवलेले. मला वाटलं, बाई गं, किती नवी माणसं येऊन जात असतील इथे!

ताईला पलंगावर बसवून मी टाचेपासून गुडघ्यापर्यंत टेप लावली. ती म्हणाली, "शवपेटीसाठी घेतात तसं माप घेतेयस." मी लक्ष दिलं नाही. बैठक झाली, पाठ झाली. वाकडीतिकडी असतील, पण माझी होती. मग पाय कापले. चारही सारखे, मी स्वतः तपासले.

पुढच्या शनिवारी बघते, तर एक पाय आखूड.

"होतं असं," अध्यक्ष म्हणाले. "नवीन आहात."

बाकीचे तीन त्याच्या मापाने कापले. त्याच्या पुढच्या शनिवारी दुसराच आखूड. तिघे माझ्याभोवती गोळा झाले. मिलिमीटरनी काटकोन बघायला गुण्या लावला, दंतवैद्यांनी माझ्या हाताला आधार दिला, अध्यक्षांनी धीर दिला. असे ते पाय एकमेकांच्या मागे खाली खाली चालले. शेवटी खुर्ची इतकी बुटकी झाली की तिच्यावर एखादी मांजरच बसली असती. नवं लाकूड आणलं, नवे पाय कापले, पुन्हा तेच. घाई नाही, बाई. लाकडाला वेळ द्यावा लागतो, बाई. तुम्ही आहात तर आम्हाला किती बरं वाटतं, बाई!

बरं त्यांना वाटत होतं. माझी झोप उडाली होती. माझं माप चुकतं? माझं? घरी बसून मी एकोणतीसचा पाढा म्हणून बघितला, बिनचूक आला. मग डोळे गेले की हात गेला? गॅस बंद केलाय का, ते मी दोन-दोनदा बघायला लागले. आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं, आधी लहानसहान मापं चुकायची, मग माणसं. ताईला हे सांगायची सोय नव्हती. तिकडे ती भांडी वाटून टाकत होती, उन्हाळा सरत आला होता, आणि माझ्या खुर्चीला धड चार पाय नव्हते.

अशात एका शनिवारी इमारतीच्या व्यवस्थापक बाई तळघरात उतरल्या. त्यांना बघताच अध्यक्षांनी मला खांद्याला धरून पुढे केलं, मुलगी दाखवायला काढावी तसं.

"या आमच्या नवीन सदस्या!"

बाईंनी माझा पिवळा अ‍ॅप्रन निरखला. "मागच्या खेपेलाही याच नवीन होत्या ना?"

"त्या अजून नवीनच आहेत," अध्यक्ष अभिमानाने म्हणाले. "कलेला वेळ लागतो."

"असू दे. पण मी पुन्हा सांगते, ही खोली नवशिक्यांना शिकवायला म्हणून फुकट दिलीय. ज्या दिवशी इथे नवशिका दिसणार नाही, त्या दिवशी कुलूप. वरचे बुद्धिबळवाले टपूनच बसलेत." एवढं बोलून त्या जिना चढून गेल्या.

मी गणिताची बाई आहे हो. दोन आणि दोन माझ्यासमोर मांडलेत आणि मी गप्प बसेन? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जाऊन दार लावलं, वळले आणि विचारलं, "कोण?"

वर्गात खडू कुणी फेकला ते मी याच आवाजात विचारत असे. तिघेही जमिनीकडे बघायला लागले. शेवटी दंतवैद्य म्हणाले, "फार नाही, बाई. जरासं घासायचो. दुखू नये इतपतच."

"दुखू नये? मला वाटलं माझं डोकं गेलं! आई गेली तशी मी चालले, असं वाटत होतं मला!" माझा आवाज फाटला. एवढी मी नवऱ्यावरसुद्धा कधी ओरडले नव्हते.

अध्यक्षांना पहिल्यांदाच भाषण सुचेना. "बाई, तुमच्या वाईटावर नव्हतो आम्ही," ते म्हणाले. "उलट तुम्ही आम्हाला हव्या होतात. हल्ली नवीन येतं कोण? खोली गेली तर जायचं कुठे? हे बघा ना, घरात रंधा काढला की यांना बायको जिन्यात उभं करते."

"जिन्यातही नाही," मिलिमीटर म्हणाले. "गच्चीवर."

"आणि माझ्याआधी कोण होतं?"

"एक बँकेतले गृहस्थ. फार गुणी माणूस. चारेक वर्षं नवीन होते. मग एकदा अ‍ॅप्रन खुंटीला अडकवला आणि गेले ते गेलेच."

म्हणजे त्या पिवळ्या अ‍ॅप्रनची जाळी एकाच माणसाने केली होती. मला हसू यायला लागलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. "आज पाय पुरे होणार," मी म्हटलं. "आणि तुम्ही तिघांनी त्या बाकावर बसायचं. हाताची घडी, तोंडावर बोट."

बसले की! मिलिमीटर तेवढे एकदा उठले. स्वतःसाठी जपून ठेवलेली सागाची फळी त्यांनी न बोलता माझ्यापुढे सरकवली आणि परत जाऊन घडी घातली. मी मापं घेतली, कापलं, रंधा मारला. दंतवैद्यांनी दोनदा तोंड उघडलं. दोनदा मी नुसतं बघितलं आणि त्यांनी ते मिटलं. संध्याकाळी खुर्ची चार पायांवर उभी राहिली. मी तिला दाबलं, ढकललं, वर बसून हलले. ती जागची ढळली नाही. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. मग सरस लावून ती सुकायला ठेवली आणि जाताना खोलीची किल्ली मागून घेतली. विश्वास वगैरे ठीक आहे.

खुर्ची घरी आली तशी ताईला बोलावलं. ती बसली. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली. खुर्चीच्या हातांवरून हात फिरवला, खाली वाकून सांधे बघितले.

"शब्द म्हणजे शब्द," ती म्हणाली. "सामान आणते. पण फुकटची खुर्ची मला पचायची नाही. मी तुला एक स्टूल करून देते, माझ्या हाताने. फिटंफाट झाली की मी मोकळी. आश्रमवाल्यांना सांगून ठेवते, खोली तोवर थांबवा म्हणून."

मी कपाळाला हात लावला. एवढं करून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पण स्टूल करणार कुठे? पुढच्या शनिवारी ताई तळघरात आली आणि तिघांचे चेहरे बघण्यासारखे झाले. हरवलेलं मूल सापडावं तसे ते तिच्याकडे धावले. अध्यक्षांचे चार शब्द झाले, चहा गार झाला. पिवळा अ‍ॅप्रन तिच्या घोट्यापर्यंत आला. मला कोरा तपकिरी मिळाला, घडीच्या रेषा तशाच असलेला. व्यवस्थापक बाई येऊन ताईला बघून गेल्या आणि कुलूप टळलं.

पण ताईचा हात! इंजेक्शनं देऊन देऊन स्थिर झालेला. तिसऱ्याच शनिवारी तिचे तीन पाय तयार. अध्यक्ष हळूच माझ्याजवळ आले.

"बाई, ताई फारच झपाट्याने शिकतायत हो."

ते दाराकडे बघत होते. मी ताईकडे बघत होते. घरी खिडकीशी तिची खुर्ची होती, चपला दाराशी होत्या, सकाळी माझ्या चहाला नावं ठेवणारं कुणीतरी होतं. स्टूल झालं की फिटंफाट, आणि मग दोन बस बदलून जायचं.

"तो छोटा रंधा द्या इकडे," मी म्हटलं. किल्ली होतीच.

पुढच्या शनिवारी ताईने पाय उभे केले. एक आखूड.

"होतं असं," मी म्हटलं. "नवीन आहेस."

पावसाळा गेला, थंडी आली. स्टूल काही होईना. ताईने दोनदा नवं लाकूड आणलं, कुणावर चिडली नाही. तिला न चिडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते, पण मनात म्हटलं, वय झालं, निवळली असेल. असे आम्ही एका शनिवारी घरी चाललो होतो, तिचा हात माझ्या हातात, गुडघ्यांमुळे अगदी सावकाश.

"या खेपेला जास्त तासलंस," ताई म्हणाली.

"काय?"

"डावा पाय. हात जड आहे तुझा. त्या दंतवैद्यांना सांगत जा, त्यांचा हलका आहे." ती दोन पावलं चालली, थांबून श्वास घेतला. "आणि जरा बेताने घे. एवढ्या एका स्टुलावर मला बरीच वर्षं काढायचीत."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"गप्प बस गं," ताई म्हणाली. मी गप्प बसले.