बावीस मिनिटांचा महजर

बुधवारी सकाळी दहा वाजून अठरा मिनिटांनी गाणिगार गल्लीला पाणी आलं आणि गल्ली हरली. हे वाक्य वाचकांनी वाचलेलंच नाही असं धरून पुढे जावं. गल्लीनेही पुढे बरेच दिवस तेच केलं.

सोमवारी नीलव्वाने नगरसभेच्या कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर रिकामी घागर आदळली. फाइलींवर नाही, थेट त्याच्या उपिटाच्या बशीवर.

“अक्का, खाली उपीट आहे,” सुणगार साहेब म्हणाले.

“आणि वर घागर आहे. अकरा दिवस झाले, तिच्यात एवढंसुद्धा पडलेलं नाही.”

नीलव्वाने बत्तीस वर्षं अंगणवाडी चालवली होती. सरकारी कागद कसा लिहावा हे तिला सरकारपेक्षा बरं कळत असे. या वर्षात तिने तेवीस तक्रारी दिल्या होत्या, आणि तेवीसही वेळा तिच्या मोबाइलवर उत्तर आलं होतं : ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. समाधानी असल्यास एक दाबा.’ समाधानी नसल्यास काय दाबायचं ते दिलेलं नव्हतं. कुणाचं दाबायचं, हे मात्र तिला माहीत होतं.

“मोटार जळली आहे,” साहेब म्हणाले.

“मागच्या महिन्यात?”

“तेव्हापण मोटारच.”

“आणि टँकर?”

“आमदारसाहेबांच्या भाच्याचं लग्न होतं. तिकडे गेलाय.”

“लग्न होऊन आठ दिवस झाले. मुलगी माहेरी येऊन गेली. टँकर अजून सासरीच?”

मागे उभ्या असलेल्या शेजारच्या मैमुनाबीने पदर तोंडावर धरला. साहेबांनी उपिटाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“अक्का, तुम्ही म्हणता पाणी नाही. आमचं रजिस्टर म्हणतं, आहे. नळ काही साक्ष द्यायला येत नाही. स्थळ महजर करू या, म्हणजे जागेवर पंचनामा. बुधवारी दहा वाजता मी स्वतः येतो. जे दिसेल ते लिहितो. नळ कोरडा दिसला तर वरपर्यंत जाईल, एकेकाला जाब द्यावा लागेल. फक्त नोटीस काढावी लागते संबंधितांना.”

“संबंधित कोण?”

“पाणी सोडणारे.”

इथे नीलव्वाला शंका यायला हवी होती. पण नगरसभेची मोटार जळते हे इतकी वर्षं ऐकून ऐकून तिचाही मोटारीवर विश्वास बसला होता. जळलेली मोटार नोटीस मिळाल्यामुळे बरी होते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आली तेव्हा तिचा नवरा गुरुपादप्पा छताकडे बघत पडला होता. अर्धांगाचा झटका येऊन पाच महिने झाले होते. आता त्याला तीन शब्द येत : ‘नीला’, ‘पाणी’ आणि एक शिवी. पडून पडून पाठीला शय्याव्रण झालं होतं. हुबळीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज गोड्या पाण्याने अंग स्वच्छ व्हायलाच हवं, जखम आत गेली तर मी काही करू शकणार नाही. दर्ग्यामागच्या बोअरचं पाणी खारट. ते पाठीला लागलं की त्याचे डोळे गच्च मिटत आणि तिसरा शब्द बाहेर पडे. गेले अकरा दिवस ती फडका पिळून पिळून, जवळजवळ कोरडाच, त्याच्या पाठीवरून फिरवत होती.

“बुधवारी सगळ्यांना नागडं करते बघा,” ती त्याला म्हणाली.

त्याने शिवी दिली. सहमतीची होती.

मंगळवारी दारोदार फिरून तिने गल्लीला शिकवलं. एक्केचाळीस घरं, एक्केचाळीस नळ. सगळे सताड उघडे ठेवायचे. घागरी दारातल्या नळाखाली, उपड्या. आणि काहीही झालं तरी कुणी घागरीला हात लावायचा नाही. टेलर इराण्णाने विचारलं, “उपड्याच का, अक्का?”

“साहेबाला बूड दिसू दे. कसं कोरडं आहे ते.”

कासव्वाने आपला नळ चिंचेने घासून लखलखीत केला. महजरात नळ कळकट दिसू नये म्हणून.

बुधवारी साहेब जीपमधून उतरले. सोबत कारकून, महजराचा छापील कागद आणि मोजमापाची टेप. टेप कशाला ते शेवटपर्यंत कळलं नाही. गल्लीच्या तोंडाशी वॉल्वमन दुर्गप्पा सायकलला टेकून उभा होता. त्याची लांब चावी सायकलला बांधलेली नव्हती. ती जमिनीतल्या वॉल्ववर उभी होती.

आधी नळ खोकले. एकाच वेळी एक्केचाळीस. मग पाणी आलं.

थोडंथोडकं नाही. असं पाणी गल्लीने दिवाळीलासुद्धा पाहिलं नव्हतं. उपड्या घागरींच्या बुडांवर ते ताशासारखं वाजू लागलं आणि उंबऱ्यांवरून गटारात गेलं.

“येतंय की,” साहेब म्हणाले आणि लिहायला लागले.

“आज आलंय!” नीलव्वा ओरडली. “अकरा दिवसांनी! तुम्ही येणार म्हणून!”

“महजर आजचा आहे, अक्का. मी जे दिसतं ते लिहितो.”

“मोटार जळली होती ना?”

“दुरुस्त झाली असेल. चांगलं आहे ना?”

“कुणी हलायचं नाही!” तिने गल्लीकडे वळून हात वर केला. “भरलंत तर तो लिहील लाभ घेतला म्हणून! वाहू दे. वाहताना लिही म्हणावं!”

गल्ली उभी राहिली. मैमुनाबीने हात काखेत दाबून धरले. इराण्णा आभाळाकडे बघत राहिला. एक कुत्रं आलं, गटारातलं चाटून गेलं. कारकुनाने हळूच विचारलं, “लाभार्थी एक असं लिहू का?” पाच मिनिटं. सात. कासव्वा रडायला लागली, पण हलली नाही. इतकं गोडं पाणी पायावरून जात होतं की पायांना लाज वाटावी.

आतून आवाज आला.

“नीला.”

ती तशीच उभी.

“नीला. पाणी.”

तो चिडून म्हणत नव्हता. पोरांना चंद्र दाखवतात तसं म्हणत होता. तिला दिसलं नसेल म्हणून सांगत होता.

नीलव्वाचा हात खाली आला. तिने कुणाकडेही न बघता घागर सुलटी केली आणि नळाखाली धरली. त्यानंतर गल्लीत जे झालं त्याला पळापळ म्हणतात. हंडे, बादल्या, कुकर, इराण्णाच्या दुकानातली बटणांची बरणी. बटणं आधी अंगणात ओतली गेली.

“सही लागेल, अक्का,” साहेब दारात येऊन म्हणाले.

“बसा कट्ट्यावर. हात मोकळे नाहीत.”

तिने पाणी तापवलं. गुरुपादप्पाला कुशीवर वळवलं आणि मानेपासून सुरुवात केली. तांब्यामागून तांब्या. जखमेवर पाणी पडलं तेव्हा तिने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते मिटले नाहीत.

बाहेर ऊन चढलं. ड्रायव्हरने जीप सावलीत घ्यावी म्हणून चालू केली आणि वळवली. गल्लीच्या तोंडाशी दुर्गप्पाने जीप वळताना पाहिली, साहेब गेले असं समजला आणि चावी फिरवली. दहा वाजून चाळीस मिनिटं. एक्केचाळीस नळ एकदम गप्प झाले. कट्ट्यावर बसलेल्या साहेबांकडे सगळी गल्ली बघत होती.

“अहो दुर्गप्पा,” मैमुनाबी सावकाश म्हणाली, “साहेब इथेच आहेत की.”

दुर्गप्पाने चावीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. साहेब महजरावरचं काहीतरी फार लक्ष देऊन वाचू लागले.

नीलव्वा ओल्या हाताने बाहेर आली. ‘पाणी मिळाले : होय’ याखाली तिने सही केली. खाडाखोड नाही. मग कागद उलटा केला, साहेबांच्याच पेनने मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं आणि म्हणाली, “पोच द्या.” साहेबांनी ते उभ्यानेच वाचलं. दोनदा वाचलं. मग खाली सही केली आणि तारीख घातली.

*विषय : कनिष्ठ अभियंता यांच्या नेमणुकीबाबत.*

*महोदय, आजच्या महजरावरून असे सिद्ध झाले आहे की, मे. साहेब जेवढा वेळ गल्लीत असल्याचे दिसते तेवढाच वेळ पाणी येते. सबब श्री. सुणगार यांची नेमणूक पुढील आदेश होईपर्यंत अर्जदाराच्या घर क्रमांक सतराच्या कट्ट्यावर कायम करण्यात यावी. जीप जागेवरून हलवू नये. दोन वेळची भाकरी व झुणका अर्जदार देईल. घरातील रुग्णास रोज एक वेळ स्नान लागते, तरी साहेबांची रजा मंजूर करण्यापूर्वी रुग्णाची लेखी संमती घेण्यात यावी, ही नम्र विनंती.*