सासूबाईंच्या पायाखालचा ब्रेक

सुनेने घरच्या गॅरेजमध्ये जुळवलेली शर्यतीची गाडी बाणासारखी सुटायची, पण थांबायचं नाव घेत नसे. मागच्या शर्यतीत तर ब्रेक दाबताच गाडीचा मागचा भाग असा वळवळला, की बघायला आलेल्या सासूबाईंनी डोळेच मिटून घेतले.

"हौस कर, पण जिवावर बेतेल असं नको," त्या म्हणाल्या.

सुनेने मनावर घेतलं. मागच्या चाकांना नवे शॉक अब्सॉर्बर आणि डिस्क ब्रेक बसवले. ब्रेकच्या नळीतली हवा काढायला मात्र पेडलवर दुसऱ्या कुणाचा तरी पाय हवा होता. सासूबाई बाह्या सरसावून बसल्या.

"दाबा, आई! धरून ठेवा! आता सोडा!" सून चाकाशेजारून ओरडत होती.

पेडल घट्ट झालं, तरी सासूबाई गाडीतून उतरेनात. "एवढे पाय दुखवून घेतलेत, चाचणीला मीही येणार!"

शर्यतीच्या मोकळ्या ट्रॅकवर गाडी सुसाट गेली आणि ब्रेक लागताच जराही न वळवळता उभी राहिली. सुनेने लगेच वळून शेजारी सासूबाईंकडे पाहिलं.

"आई, बऱ्या आहात ना?"

सासूबाई खदाखदा हसत सुटल्या. "सरक तिकडे. आता मी चालवते!"