पुढच्याने मागे बघायचं नाही

होडीत बसायचा आमच्या घरात एकच नियम होता आणि तो बाबांचा होता. पुढच्याने मागे बघायचं नाही. होडी दोघांची, अरुंद, बाबांनी स्वतःच्या हातांनी केलेली. ते शाळेत सुतारकाम शिकवायचे आणि सुट्टी लागली की आम्हा भावंडांना नदीवर न्यायचे. पुढच्याने नुसतं वल्हवायचं. होडी कुठे न्यायची ते मागचा ठरवतो. पुढचा वळून बघायला लागला की होडी कलंडते. मी कायम पुढे, म्हणून बाबा मला 'पुढारी' म्हणतात. जन्मात कुणाच्या पुढेपुढे केलं नाही, आणि नाव पुढारी.

मी घरी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. मशीन पुढच्या खोलीत आहे. मधलं दार उघडं ठेवलं की बाबांचा पलंग दिसतो. मशीन थांबलं की ते आतून विचारतात, "दोरा तुटला का?" मी म्हणते, "नाही, चहा आठवला." असं आमचं चालतं. चालायचं, म्हणायला हवं.

गेल्या थंडीत बाबा न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही, पण माझी मोठी बहीण अक्का आणि आमचा धाकटा, या दोघांना एकदम बाप आठवला. अक्काने एक वृद्धाश्रम बघूनच ठेवला होता. "छान आहे गं, मोठी बाग आहे," म्हणाली. मी म्हटलं, बाग एवढी आवडली असेल तर तूच जाऊन राहा. धाकटा म्हणाला, "ताई, तू दमतेस." मी म्हटलं, दमले की मी बसते, तुम्हाला बोलावते का कधी? मग बाबांच्या पलंगापाशी गेले आणि त्या दोघांच्या कानावर पडेल अशा आवाजात सांगितलं, "मी आहे तोवर तुम्ही या घरातून कुठेही जाणार नाही." बाबांनी नुसता माझा हात दाबला. विषय संपला असं मी समजले.

उन्हाळा लागता लागता धाकट्याचा फोन आला. नदीवर जाऊ या, पूर्वीसारखं, चार-पाच दिवस, तंबू घेऊन. बाबांची होडी मागच्या शेडमध्ये पडून होती, त्यात तो आणि मी. दुसरी होडी भाड्याची, तिच्यात त्याची बायको आणि त्याचा मित्र, दाताचा डॉक्टर. मी नाहीच म्हणत होते. पण अक्का म्हणाली, मी येऊन राहते बाबांपाशी. आणि बाबाही म्हणाले, "जा गं. होडी नुसती वाळून तडकेल."

निघताना अक्का दारात उभी होती. "तू निर्धास्त जा. बाबांची सोय मी लावते."

सोय लावते म्हणाली, बघते म्हणाली नाही. पडद्याच्या खालच्या दुमडीत सुटलेला टाका मला रस्त्यावरून दिसतो, पण हा दिसला नाही.

नदी मात्र सुरेख होती. खोटं कशाला बोलू? दोन्ही बाजूंना उंच कडे, मध्ये हिरवं पाणी, आणि वळणावळणावर खळाळ. पहिल्याच दुपारी एक मोठा खळाळ लागला. होडी नाकावर आपटली, मी नखशिखांत भिजले आणि मोठमोठ्याने हसले. मागून धाकटा "ताई, डावीकडे, डावीकडे" ओरडत होता. मला वाटलं, आम्ही पुन्हा लहान झालो.

आणि लाड तरी किती करावेत माणसांनी. दाताच्या डॉक्टरने माझा तंबू सगळ्यात मऊ वाळूत लावून दिला. भावजय सकाळी तंबूच्या तोंडाशी चहा आणून द्यायची. मला भांड्यांना हात लावू देत नव्हते. घरी पाण्याचा पेला जागचा न हलवणारा धाकटा माझे ओले बूट शेकोटीपाशी आलटून पालटून वाळवत बसायचा. फोन त्याने निघतानाच सगळ्यांचे गोळा करून घट्ट झाकणाच्या डब्यात टाकले होते. "तशीही दरीत रेंज नसते. सुट्टी म्हणजे सुट्टी." मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझी कदर करतंय, असं वाटलं. आता ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

एक गोष्ट खटकायला हवी होती. संध्याकाळी शेकोटीपाशी मी म्हणायची, "बाबा आता रेडिओ लावून बसले असतील." त्यावर कुणी हूं की चूं करायचं नाही. एकदम सगळ्यांना लाकडं सारायची आठवण व्हायची. दमले असतील बिचारे, असं मी मनात म्हणायची. बिचारे म्हणे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुऊन पाण्यावरून वर आले. धाकटा दाढी करत होता. झाडाच्या फांदीला त्याने आरसा टांगला होता. गोल, लाकडी चौकटीचा, टांगायला वर चामड्याची वादी. ती चौकट बाबांची. ती वादी मी शिवलेली.

बाबा रोज सकाळी खिडकीपाशी खुर्चीत बसून दाढी करतात. गुडघ्यांमुळे त्यांना उभं राहवत नाही, म्हणून हा आरसा खिडकीच्या गजाला खाली, बसल्या माणसाच्या तोंडासमोर येईल असा लटकवायचा. एक दिवस चुकत नाही त्यांचा.

"हा तुझ्याकडे कसा?" मी विचारलं.

"कोणता?"

तोंडाला फेस, हातात वस्तरा, समोर आरसा, आणि विचारतोय कोणता.

"बाबांचा आरसा. ते दाढी कशी करणार?"

"तिथे भिंतीला आहे ना आरसा," तो म्हणाला, आणि वस्तरा तिथल्या तिथे थांबला.

"तिथे म्हणजे कुठे?"

भावजय चहाच्या पातेल्यात बघत राहिली. दाताचा डॉक्टर तंबूची घडी घालत होता, तो घडीसकट खाली बसला. शेवटी तोच म्हणाला, "मला वाटलं होतं, तुम्हाला माहीत आहे."

"मग तीन दिवस माझ्यासमोर तोंडं का शिवून बसला होतात?"

धाकट्याने फेस पुसला. एक गाल झालेला, एक राहिलेला. "ताई, ऐकून घे. बाबांना अक्काने तिकडे नेलंय. आम्ही ठरवलं. तुझ्यासमोर हे झालंच नसतं. तू भांडली असतीस, मग बाबा नाही म्हणाले असते…"

"म्हणजे बाबा नाही म्हणतील हे ठाऊक होतं तुम्हाला."

तो वस्तरा पुसू लागला.

"कधी नेलं?"

"आपण निघालो त्याच दिवशी. दुपारी."

दुपारी. मी खळाळात खदखदा हसत होते तेव्हा.

"आणि आरसा?"

"अक्का म्हणाली, ज्याला जे हवं ते आधीच बाजूला काढा. मी आठवण म्हणून…"

"आठवण मेलेल्या माणसाची ठेवतात रे," मी म्हटलं. माझा आवाज चढला नव्हता, याचंच मला नवल वाटलं. "केसाने गळा कापलात माझा. चहा पाजून पाजून कापलात."

भावजय रडायला लागली. मी तिला म्हटलं, रडायची पाळी तुझी नाही, पातेलं उतरव, जळतंय.

चिडलेल्या माणसाने दार आपटून निघून जावं. तिथे आपटायला दार नव्हतं. दोन्हीकडे कडे. गाडी पुलापाशी उभी, आणि पूल अजून दीड दिवस खाली. ज्याने मला फसवलं त्याच्याच होडीत बसल्याशिवाय मला बाबांपर्यंत जाता येत नव्हतं. मी आरसा फांदीवरून काढला, माझ्या टॉवेलमध्ये गुंडाळला आणि होडीच्या मागच्या जागेवर जाऊन बसले.

"पुढे बस," मी त्याला म्हटलं.

"मला पुढे जमत नाही, ताई."

"जमेल. नुसतं वल्हवायचं असतं. बघायला काही नसतं तिथे."

तो बसला. दीड दिवस मी त्याची मान बघत होडी हाकली. अर्धवट दाढीचा गाल मधूनच दिसायचा. तो दोनदा काहीतरी बोलायला वळायला लागला. दोन्हीदा मी म्हटलं, "पुढच्याने मागे बघायचं नाही." मधल्या मुक्कामाला मी माझा तंबू वेगळा लावला, दगडांत, आणि माझी भांडी माझी मी घासली. एका डोहापाशी पाणी अगदी संथ होतं. तिथे माझ्या मनात आलं की वल्हं जरा आडवं धरलं तर हा आत पडेल. पण होडी बाबांची होती.

पुलापाशी उतरल्यावर मी म्हटलं, आधी तिकडे. गाडी धाकट्यानेच चालवली. बाकीचे दोघे मागच्या सीटवर सामानासारखे बसून होते.

लांब व्हरांडा, फिनाइलचा वास, प्रत्येक दाराबाहेर चपलांचा एक जोड. खोलीत दोन पलंग. एकावर कुणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपलेलं. कोपऱ्यात बेसिन, आणि भिंतीला आरसा होता खरा, उभ्या माणसाच्या उंचीवर, स्क्रूने पक्का बसवलेला. बाबा खुर्चीत होते. दाढीचे पांढरे खुंट वाढले होते. त्यांना असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, घसरले त्या दिवशीसुद्धा नाही.

"काय पुढारी, आलात?" ते म्हणाले. "पाणी किती होतं?"

"भरपूर होतं."

"गळली का कुठे?"

"नाही. थेंब आला नाही आत."

"मग," ते म्हणाले, आणि खूश होऊन त्यांनी मान हलवली.

मी त्यांच्या पायांपाशी बसले. धाकटा दारात उभा होता. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. रागाने बोलले असते तर मला सोसलं असतं, पण ते इतक्या मायेने बोलले.

"तू मला सांगायला हवं होतंस गं. मी नाही म्हटलं नसतं. इतकी वर्षं केलंस, दमणारच की तू. मी निघताना तुला बघवणार नाही म्हणून तू नदीवर गेलीस, असं अक्का म्हणाली. तरी मी दाराकडे बघत होतो, म्हटलं येईल आयत्या वेळी. असू दे. मी रागावलो नाही."

त्यांनी मला नदीवर नेलं ते नुसतं बाजूला काढायला नव्हे. बापाला नेतानाही माझंच नाव पुढे केलं.

"बाबा, मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "मला यातलं काहीही माहीत नव्हतं. याला विचारा."

बाबांनी दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. एक वाक्य हवं होतं मला. नदीवर बोलला होता तेच: आम्ही ठरवलं. 'आम्ही'मध्ये मी नाही, एवढंच बाबांना कळायला हवं होतं.

धाकटा माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, आपण सगळ्यांनी मिळूनच ठरवलं ना."

आपण.

"आम्ही म्हण," मी म्हटलं. "नदीवर म्हणाला होतास तसं म्हण."

तो चपलांकडे बघत राहिला.

"जाऊ दे गं," बाबा म्हणाले. "त्याला कशाला दटावतेस?" आणि माझ्याकडे बघून ते हसले. लहानपणी काचेचं भांडं फोडून मी "मी नाही" म्हणायची तेव्हा हसायचे तसे. त्यांनी मला माफ केलं होतं. न केलेल्या गोष्टीसाठी. त्याचं आता मी काय करू?

"चला घरी," मी म्हटलं. "आत्ता. पिशवी भरते मी."

त्यांनी मान हलवली. "नको. घरी आलो तर तुझं मशीन थांबलं की मला वाटणार, ही माझ्यामुळे थांबली. दोरा तुटला का, हे तरी कोणत्या तोंडाने विचारू? आणि त्या घरातून पुन्हा एकदा उठून निघायचं… ते मला जमायचं नाही."

"कुणी निघायला सांगणार नाही तुम्हाला."

"तू मागेही म्हणाली होतीस," ते म्हणाले, अगदी साधेपणाने.

मी टॉवेल उलगडला. आरसा बघून त्यांचा चेहरा खुलला. "हा तू आणलास होय? मी इथे सगळीकडे शोधला." मी त्यांच्या पेटीतून ब्रश आणि साबण काढला, पेल्यात पाणी आणलं. टांगायला खिळा नव्हता, म्हणून समोर बसून आरसा दोन्ही हातांनी धरला. ते सावकाश फेस लावू लागले. मागे दारात धाकटा होता की गेला होता, कोण जाणे. मी वळून पाहिलं नाही.

"जरा खाली घे," बाबा म्हणाले.

मी आरसा खाली घेतला.