मुलींचे नाच बंद

शाळा सुटली की माझ्या ओट्यावर चार-सहा मुलं येऊन बसतात. निवृत्त झालो तरी शिकवायची सवय सुटली नाही, आणि शिकवण्यासारखं दुसरं सुख मला अजून सापडलेलं नाही. त्या मुलांत सातवीतली पौर्णिमा सगळ्यांत घाईची. उत्तर आधी सांगायची, रीत मागून शोधायची. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच. पुढं एसटीनं अल्लीपूरला जावं लागतं. तिला जायचं होतं. तिचा बाप अश्विन हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. त्याचंही पक्कं होतं, की पोरगी शिकणार.

जानेवारीत शाळेचं गॅदरिंग आलं. मेघा मॅडमनी मुलींचा नाच बसवायला घेतला. पेरणी-कापणीचं साधं गाणं होतं. तालीम पाहायला मी गेलो होतो, तिथं शाळा समितीचा अध्यक्ष मुकेशही आला. तो माझा जुना विद्यार्थी. त्यानं गाणं अर्ध्यातच थांबवलं.

"मॅडम, हे काय लावलं? लोक उठून घरी जातीन नं!"

"लहान मुली आहेत सर," मेघा मॅडम म्हणाल्या.

"मंग? लग्नात नाई नाचत का त्या डीजेवर?" त्यानं आपल्या मोबाइलवर एक गाणं लावलं. त्या वर्षी प्रत्येक हळदीत वाजत होतं तेच. त्यात एक बाई स्वतःला हातगाडीवरच्या फळासारखी मांडते, आणि मागचे पुरुष ओरडून ओरडून भाव विचारतात.

मी म्हणालो, "मुकेश, हे गाणं तू तुझ्या मुलीला देशील?"

"माही पोरगी अजून अंगणवाडीत आहे जी गुरुजी. ते तं शेंबूड पुसत नाई, नाचन काय?" सगळे हसले. मग तो म्हणाला, "अन् तुमच्या टायमाले तमाशे नव्हते का? बायकोले घरी ठेवून जातच होते लोकं!"

पुन्हा हसू झालं. गाणं ठरलं. मेघा मॅडमची नोकरी नवी होती. त्यांनी तेच बसवायला घेतलं.

नाचात पौर्णिमाही होती. दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी मी तिला विचारलं, "तुला त्या गाण्याचा अर्थ कळतो का गं?"

"थोडा थोडा कळते. ते फळवालं," ती म्हणाली. "पन गुरुजी, नाचताना अर्थ कोण पाह्यते? ठेका पाहा लागते. मधात एक ठेका रिकामा सोडला आहे, तिथं पाय थांबवा लागते. बाकी पोरी चुकतात. मी नाई चुकत."

मुलांनी विचारलं नाही तरी त्यांच्यापुढं आलेली गोष्ट झाकून ठेवू नये, असं मी आयुष्यभर मानत आलो. म्हणून मी तिला नीट सांगितलं. त्या गाण्यात सगळे बाईचा भाव विचारतात, पण तिला काय पाहिजे हे एकही जण विचारत नाही. तिनं पेन्सिल चावत ऐकून घेतलं.

"मंग मी हसनच नाई," ती म्हणाली. "नाचीन, पन हसनार नाई."

आणि तसंच केलं तिनं. मंडपात पुढच्या खुर्च्यांवर गावचे कर्ते पुरुष होते, मागं सगळं गाव. बाकीच्या मुली शिकवल्याप्रमाणे हसत होत्या. पौर्णिमा मधोमध, ओठ मिटून, त्या अवघड जागी पाय असा थांबवत होती की बघणाऱ्याचाही श्वास थांबावा. पहिल्या रांगेतून ओरडा झाला, "वन्स मोर!" मुली पुन्हा नाचल्या. पुन्हा ओरडा. तिसऱ्या वेळेला एक लहानगी रडकुंडीला आली, तेव्हा मेघा मॅडमनी पडदा ओढला. मुकेशनं सगळं मोबाइलवर घेतलं आणि स्टेटसवर ठेवलं. वर लिहिलं, "आपल्या शाळेची शान."

तिथून तो व्हिडिओ कोणीतरी उचलला. बाकीच्या मुली कापून टाकल्या, पौर्णिमा तेवढी ठेवली. जिथं तिचा पाय थांबतो तिथं चित्र संथ करून तिची कंबर दाखवली आणि खाली लिहिलं, "तोरा पाहा पोरीचा." न हसण्याचा असा अर्थ निघाला. गावातल्या बहुतेक मोबाइलवर तो फिरला. स्टँडवरच्या पानठेल्यापाशी बाप्ये माणसं तिला पाहून त्या गाण्यातला भाव विचारू लागली. तिनं मला हे सांगितलं तेव्हा अपूर्णांकाचा भागाकार चालला होता. सांगून झाल्यावर तिनं भागाकार पुरा केला.

अश्विन मात्र डगमगला नाही. म्हणाला, "ज्याची नजर घाण त्यानं डोये धुवावे. माही पोरगी शाळेत जाईन."

त्याच्या या बोलण्यावर मला इतका धीर आला की मी शाळा समितीला बैठक बोलवायला लावली. माझ्या मागण्या दोनच होत्या. पुढं मुलांची गाणी शिक्षकांनी निवडायची. आणि व्हिडिओ कापणारे, फिरवणारे गावातलेच आहेत, सगळ्यांना माहीत आहेत. त्यांना बोलावून समज द्यायची.

मुकेशनं फार आदरानं ऐकलं. मग तो म्हणाला, "गुरुजी बरोबर म्हणून राह्यले. लेकरायले अशा गाण्यापासून वाचवलंच पाह्यजे. लेहा ठराव: यापुढं शाळेत मुलींचे नाच बंद."

"मी असं म्हणालो नाही," मी म्हणालो. "आणि मुलांचे नाच?"

"पोट्ट्यायले काय होते जी?"

"आणि व्हिडिओ?"

"आता तो कुठं कुठं गेला असन! कोनाकोनाले धरता? अर्धं गाव धरा लागन."

"धरू या की."

यावर सगळे असे हसले, जसं म्हातारं माणूस बरळलं की हसतात. सह्या झाल्या. ज्या हातांनी वन्स मोरच्या टाळ्या वाजवल्या त्याच हातांनी झाल्या. बाहेर पडताना एकानं माझ्या पाठीवर थाप मारली. "झालं नं तुमचं काम, गुरुजी!"

ठरावाची बातमी व्हिडिओपेक्षा जोरात पसरली. मुलींचे नाच बंद झाले, आणि ते पौर्णिमेमुळे झाले. शाळेतल्या मैत्रिणी तिला म्हणू लागल्या, "तुह्यापायी आमचंही गेलं." तिची आजी जिजाबाई आधी नातीच्या बाजूनं चारचौघींत भांडायची. आता तीही म्हणू लागली, की कमिटीनं लिहिलं म्हणजे काहीतरी असेलच.

उन्हाळ्यात सातवीचा निकाल लागला. पौर्णिमा वर्गात पहिली आली. पण अश्विन दाखला घ्यायला काही जाईना. मी त्याच्या घरी गेलो.

"गुरुजी, खरं सांगू?" तो खाटेवर बसून म्हणाला. "व्हिडिओवाले हरामखोर होते, त्यायच्याशी मी लढलो असतो. पन कमिटीनं नाच बंद केला. म्हंजे चूक झाली असंच नं? चूक नसती तं बंद काऊन केला असता? आता रोज एसटीनं पाठवू, अन् रोज लोकं काय म्हनतीन?"

मी त्याला समजावलं. गाणं तिनं निवडलं नव्हतं. मोठ्यांनी निवडलं, मोठ्यांनी पाहिलं, मोठ्यांनी घाण केलं. तो मान डोलवत राहिला. पटत होतं त्याला. पण नुसतं पटून काही होत नाही, हे मी त्याच्या तोंडाकडं पाहताना शिकलो.

पौर्णिमा आतून ऐकत होती. ती बाहेर आली.

"गुरुजी, मी काय केलं?"

"काही नाही केलंस."

"मंग कमिटीले तसं लेहून द्याले सांगा. एक ओळ. बाबा मंग जाऊ देईन. हो नं बाबा?"

अश्विन म्हणाला, "देईन."

मी तडक मुकेशकडे गेलो. तो गोठ्यापाशी उभा होता. मी म्हणालो, "एका ओळीचं काम आहे. या मुलीचा यात काही दोष नाही, एवढं समितीतर्फे लिहून दे. तिची शाळा वाचेल."

त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी शिकवलेला मुलगा. उद्धटपणे कधी वागला नाही.

"गुरुजी, मले काय, मी आत्ता देतो," तो म्हणाला. "पन तिची चूक नाई असं लेहिलं, तं मंग कोनाची होती तेबी लेहा लागन. ते कोन लेहीन? तुमीच सांगा."

"मी लिहितो."

"तुमी लेहान जी. सही कोन करन?"

चहा आला. मी तो घेतला नाही. एवढंच मला करता आलं.

जून सरता सरता अल्लीपूरला आठवीचा वर्ग भरला. पौर्णिमेच्या वर्गातल्या मुली एसटीनं जाऊ लागल्या. ती जिजाबाईसोबत सोयाबीनचं तण निंदायला जाऊ लागली. माझ्या ओट्यावर यायलाही तिला मनाई झाली, कारण तिथं मुलगे बसतात. मग मीच आठवीचं पुस्तक घेऊन त्यांच्या अंगणात जाऊ लागलो. अश्विननं तेवढं चालू दिलं.

ती अजूनही घाईनंच सोडवते. बैजिक राशी तिला एका बैठकीत आल्या. परवा मधेच पेन्सिल खाली ठेवून तिनं विचारलं, "गुरुजी, याची परीक्षा कोन घेनार?"

चाळीस वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देत आलो. मी पान उलटलं आणि पुढचं गणित घातलं. तिनं ते सोडवलं. बरोबर होतं.