खुर्चीच्या बुडाखाली

एप्रिलचा तो आठवडा आला की फिओरेन्झोचं डोकं उठायचं. मिलान शहरभर डिझाइनचा उत्सव भरायचा आणि कान्तू गावातले झाडून सगळे सुतार इस्त्रीचे शर्ट चढवून तिकडे पळायचे. तिथं कुठल्यातरी हवेलीच्या चौकात आपणच बनवलेल्या टेबलाशेजारी दुसऱ्याच्या नावाची पाटी वाचायची, फुकटची वाइन प्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. वर पुन्हा वर्षभर त्याच गप्पा. तीस वर्षांत फिओरेन्झो दोनदाच गेला होता. यंदा तिसऱ्यांदा निघाला तो लेकीसाठी.

ओत्ताविया, त्याची एकुलती एक, दोन वर्षांपासून आर्किटेक्ट लांद्रियानींच्या ऑफिसात होती. यंदाचं त्यांचं प्रदर्शन तिनं स्वतः मांडलं होतं. विषय काय म्हणून विचारलं, तर फोनवर म्हणाली, या आणि बघा. आवाज जरा ओढलेला वाटला. काम पडलं असेल, असं फिओरेन्झोनं मनाला सांगितलं.

सोबतीला शेजारचा पॉलिशवाला अत्तिलियो होता. गाडीत बसल्यापासून त्याची टकळी सुरू. तुझी पोरगी आता साहेबीण झाली, आपल्याला ओळख दाखवते का बघू, आणि फिओरेन्झो, ती कानामागची पेन्सिल तरी काढ, लग्नाला चाललास की कारखान्यात? फिओरेन्झोनं पेन्सिल काढली नाही. ती नसली की त्याला उघडंउघडं वाटायचं.

लांद्रियानी आणि त्याचं नातं गावाला ठाऊक होतं. साहेब जेवता जेवता कागदी रुमालावर खुर्ची काढायचे. फिओरेन्झो म्हणायचा, हा पाय असा उभा राहणार नाही. साहेब म्हणायचे, मी काढलंय तसं कर. मग तो तशीच एक करायचा, ती डुगडुगायची. मग गुपचूप पायाचा कोन बदलून तो दुसरी करायचा. ती जगभर विकली जायची, साहेबांच्या नावानं. त्याबद्दल फिओरेन्झोची काडीची तक्रार नव्हती. त्याचा हट्ट एकच होता: डुगडुगणारी खुर्ची आपल्या हातून जगात जाता कामा नये. कान्तूत खुर्ची करणाऱ्याजवळ दुसरी इस्टेट काय असते? बसणारा निर्धास्त बसतो, एवढीच.

म्हणून फसलेली प्रत्येक खुर्ची उलटी करून तो बुडाखाली पेन्सिलीनं दोष लिहायचा आणि तो कुणाचा, तेही. ‘कोन कागदावरच चुकला. सांगितलं होतं.’ कधी ‘दोष माझा, सांधा घाईत केला.’ खोटं कधी लिहिलं नाही. आणि सतरा जानेवारीला, संत अंतोनियोच्या दिवशी, चर्चमागच्या मैदानात गावाची होळी पेटायची, तेव्हा वर्षभराच्या फसलेल्या खुर्च्या तिच्यात जायच्या. मात्र स्वतः तो कधी बघायला गेला नाही. जीवच धजायचा नाही त्याचा. ओत्तावियाला गाडीचं लायसन मिळालं तेव्हापासून, अकरा वर्षं, तीच खुर्च्या भरून न्यायची. परतताना केसांना धुराचा वास आणि हातात गरम वाइनचा थर्मास.

“नीट जळल्या ना गं?” तो विचारायचा.

“मस्त जळल्या, पप्पा.”

हवेलीच्या दारात ही गर्दी. आत चौकात पांढऱ्या चौथऱ्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. फिओरेन्झो दोन पावलं पुढं गेला आणि थबकला. पहिलीच खुर्ची ओळखीची होती. दुसरीही. तिसरीच्या पाठीतली चीर त्यानं स्वतः डिंकानं बुजवली होती, नऊ वर्षांपूर्वी. एकूण तेवीस, आणि तेवीसच्या तेवीस त्याच्या हिशेबी कधीच राख झालेल्या.

“आई शप्पथ,” अत्तिलियो हळूच म्हणाला, “ही तर तुझी भुतं.”

भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘हाताच्या चुका’. खाली बारीक अक्षरांत, की लांद्रियानींची कल्पना निर्दोष होती, कारागिराचा हात वाटेत अडखळत गेला, आणि त्या अडखळण्यातही सौंदर्य आहे. कारागीर फिओरेन्झो, कान्तू. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाव पाटीवर आलं होतं. एक तरुण जोडपं वाचून हसलं. काय गोड म्हातारा असेल, बाई म्हणाली.

तेवढ्यात लांद्रियानी हात पसरून आले, मागून ओत्ताविया. फिओरेन्झोनं हात पुढं केला नाही.

“साहेब, या जळल्या होत्या. तुम्हाला कुणी दिल्या?”

लांद्रियानी हसले आणि ओत्तावियाकडे बघायला लागले.

“होळीच्या पोरांनी विकल्या असतील, पप्पा,” ती घाईनं म्हणाली. “ती मंडळातली पोरं काय, कशाचेही पैसे करतात.”

त्याला ते पटलं. लेकीचा शब्द होता, न पटायला काय झालं? राग सगळा लांद्रियानींवर वळला. तीस वर्षं गिळलेलं एकदम घशाशी आलं. तो चौथऱ्यावर चढला, गळ्यात ओळखपत्र घातलेली मुलगी हात लावू नका म्हणत धावली, लांद्रियानींनी तिला थांबवलं. असला तमाशा त्यांना हवाच असावा. माणसं गोळा झाली.

“हाताच्या चुका म्हणता?” फिओरेन्झो म्हणाला. “प्रत्येक खुर्चीखाली मी लिहिलंय, चूक कुणाची ते. वाचा आता सगळ्यांनी.”

आणि त्यानं सगळ्यांसमोर खुर्ची उलटी केली.

बूड कोरं होतं.

त्यानं दुसरी उलटी केली. तीही कोरी. कुणीतरी खोकलं. लांद्रियानी मवाळ आवाजात म्हणाले, “अरे फिओरेन्झो, वय झालं आपलं, होतं असं.” लोकांनी माना डोलावल्या. ती कीव त्याला थोबाडीत मारल्यासारखी लागली.

सवयीनं त्याचा अंगठा लाकडावरून फिरला. लाकूड खरखरीत होतं. घासलं होतं, तेही जाड्या पॉलिश पेपरनं, आणि लाकडाच्या रेषेला धरून नव्हे. ओरखडे तिरके गेले होते, डावीकडून वर. उजव्या हाताचा माणूस खुर्ची मांडीवर घेऊन घासतो तेव्हा ते उलटे पडतात. कान्तूत त्याला एकच डावखुरा हात माहीत होता. लेक दहा वर्षांची असताना त्यानंच तो आपल्या हातात धरून लाकडावर फिरवला होता, शंभरदा सांगितलं होतं, तिरकं नको गं, रेषेबरोबर जा.

त्यानं वर पाहिलं. ओत्ताविया बुटांकडे बघत होती. डावा हात तिनं कोटाच्या खिशात घातला होता.

“कितव्या नंबरचा पेपर वापरलास?” त्यानं विचारलं. हळूच, तिला एकटीलाच ऐकू जाईल असं.

“ऐंशी,” ती म्हणाली.

“बारीकनं शेवट करायचा असतो.”

“पप्पा, मला जाळवल्याच नाहीत. तुमचं नाव कुठंच नव्हतं. आता निदान पाटीवर तरी...”

त्याला वाटलं, ओरडावं. लोकांना सांगावं, ही बघा, अकरा वर्षं माझ्या तोंडावर खोटं बोलली, केसांना धूर लावून घरी आली, तिनं आणलेली वाइन मी आनंदानं प्यायलो. ते नुसतं बोलायचा अवकाश होता, त्याची अब्रू तिथल्या तिथं परत आली असती. पण लेकीची गेली असती. दोन्ही वाचणार नव्हत्या.

तो लोकांकडे वळला. “नव्हतं लिहिलं,” तो म्हणाला. “चूक झाली माझी.”

मग त्यानं कानामागची पेन्सिल काढली, तीच खुर्ची मांडीवर घेतली आणि त्या खरखरीत बुडावर सावकाश दोन ओळी लिहिल्या. लोकांना वाटलं, म्हातारा सही करतोय. टाळ्या पडल्या, फोन वर झाले. लांद्रियानी तर खूश होऊन गेले. खुर्ची सरळ करण्याआधी त्यानं ती ओत्तावियासमोर धरली. तिनं वाचलं: ‘दोष शिकवणाऱ्याचा. हात घरचाच होता.’

त्यानं खुर्ची चौथऱ्यावर ठेवली. ती डुगडुगली. तो खाली उतरला.

“जानेवारीत या सगळ्या गावी पाठव,” तो लेकीला म्हणाला. “या खेपेला होळीला गाडी मी नेईन.”

दारात अत्तिलियोनं त्याला गाठलं. काय लिहिलंस रे, म्हणून विचारलं.

“नेहमीचंच,” फिओरेन्झो म्हणाला, आणि पेन्सिल कानामागे न ठेवता त्यानं ती खिशात घातली.