कधीही न हरलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे. कॉलेजातल्या सराव-न्यायालयाच्या खोलीत, दाराजवळच्या खुंटीवर मी टांगलेला असतो. माझ्याखाली एक पितळी पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय, 'कधीही न हरलेला कोट'. नवे विद्यार्थी ती मोठ्याने वाचतात आणि माझ्याकडे आदराने बघतात. तेव्हा मला वाटतं, खुंटी निखळावी आणि मी तोंड लपवून खाली पडावं. कारण मी हरलेला आहे, आणि याच खोलीत हरलेला आहे.

मला शिवलं तेव्हा कापड मालकीणबाईंनी निवडलं होतं. मालक तेव्हा नवे वकील होते. अंगावर मांस नव्हतं, पण आवाज खणखणीत. माप घेता घेता शिंपी म्हणाला, "वकिलांना कॉलर धरून बोलायची खोड असते. डावी बाजू दुहेरी शिवतो, नाहीतर वर्षात विरेल." त्याचं म्हणणं अगदी खरं निघालं. उलटतपासणीला उभे राहिले की मालक डाव्या हाताने माझी कॉलर घट्ट धरायचे आणि असे प्रश्न विचारायचे, की उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' यावं. साक्षीदार 'हो, पण...' म्हणाला की मालक शांतपणे सांगायचे, "विचारलं तेवढंच बोला." भल्याभल्यांची भंबेरी उडायची. किती खोटारडे उघडे पडले, किती निरपराध माणसं आपापल्या घरी गेली. छाती मालकांची असायची, पण फुगायचो मी.

कोर्टाइतकंच त्यांचं कॉलेजवर प्रेम होतं. पहिल्या प्राचार्यांनी त्यांना हाताला धरून शिकवलं होतं. ते ऋण मानून मालक दर शनिवारी संध्याकाळी या खोलीत मुलांना साक्ष कशी घ्यायची ते शिकवायचे. जुन्या कोर्टातले मोडके बाक मागून आणून त्यांनी हा साक्षीदाराचा पिंजरा करवून घेतला. खिडकीशेजारच्या भिंतीवर त्या गुरूंचं, पहिल्या प्राचार्यांचं तैलचित्र लावलं. वर्ग सुरू करण्याआधी ते त्या चित्राकडे एकदा बघायचेच.

आणि घर? घरात मला प्रवेश नव्हता. मालकीणबाईंनी दाराबाहेर एक खुंटी ठोकून घेतली होती. "कोट बाहेर," त्या म्हणायच्या, "घरात कुणी आरोपी नाही." मला त्याचा राग नव्हता. दारातून आतलं हसणं ऐकू यायचं. सगळ्यात जास्त बोलायची ती मुलगी. तिला सगळे भिंगरी म्हणत. ती बाबांचीच नक्कल करून बाबांना हसवायची. पुढे ती याच कॉलेजात शिकायला लागली आणि मालकांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसू लागली. या खोलीची किल्लीही तिच्याकडेच असायची.

एका शनिवारी फार उकडत होतं. मालकांनी मला काढून खुर्चीवर टाकलं, खिडकी उघडली आणि ती वाऱ्याने आपटू नये म्हणून गळ्यातला पांढरा बँड घडी करून फटीत कोंबला. वर्ग संपला. मी त्यांच्या हातावर होतो. निघताना भिंगरी म्हणाली, "बाबा, खिडकी लागत नाहीये. काहीतरी अडकलंय."

मालकांचं लक्ष नव्या प्राचार्यांच्या बोलावण्याकडे होतं. "राहू दे. शिपायाला सांगतो मी. तू कुलूप लाव."

तिने कुलूप लावलं. शिपायाला मात्र कुणीच सांगितलं नाही.

रविवारी जोराचं वादळ झालं. सोमवारी मालक कोर्टातून कॉलेजात आले, तर गुरूंचं चित्र खाली पडलेलं होतं. बाकाच्या कोपऱ्यावर आपटून चेहरा गालापासून कपाळापर्यंत फाटला होता. मालक त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसले. त्यांचे डोळे भरून आले. मग विचारलं, "किल्ली कोणाकडे होती?"

त्या दिवशी ते दाराबाहेरच्या खुंटीशी थांबले नाहीत. मी पहिल्यांदाच घरात गेलो. भिंगरी टेबलाशी जेवत होती. मालकांनी माझी कॉलर धरली.

"किल्ली तुझ्याकडे होती. हो की नाही?"

"हो, पण बाबा..."

"विचारलं तेवढंच. कुलूप तू लावलंस?"

"हो, पण ती खिडकी..."

"लावलंस तेव्हा खिडकी उघडी होती. हो की नाही?"

"हो."

"म्हणजे चूक कोणाची?"

मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, तिला बोलू तरी द्या." पण मालकांना ते ऐकू गेलं नाही. भिंगरीने हातातला घास खाली ठेवला. तिच्या ओठांवर आलेलं वाक्य मला माहीत होतं. मी तिथे होतो ना. पण कोटाला कोण साक्षीला बोलावतो? ती हळूच म्हणाली, "माझी."

दुसऱ्या दिवशी तिने याच पिंजऱ्यात उभं राहून सगळ्या कॉलेजची माफी मागितली. लोक म्हणाले, "वकील असावा तर असा. पोटच्या पोरीलाही सोडलं नाही." मालकांची मान ताठ होती. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती आणि मी त्या मानेखाली बसून कौतुक ऐकत होतो.

त्यानंतर दाराबाहेरच्या खुंटीवर मला हसणं ऐकू येईना. मालक विचारायचे, "जेवलीस?" ती म्हणायची, "हो." "बरं वाटतंय ना?" "हो." "काही हवंय?" "नाही." विचारलं तेवढंच बोलायची. एकदा मालकीणबाई म्हणाल्या, "घ्या, घरातच साक्षीदार तयार केलात."

पुढे खिडकी दुरुस्त करायला सुतार आला. त्याने फटीतून एक मळकी चिंधी ओढून काढली आणि मालकांपुढे धरली. "वकीलसाहेब, हे तुमच्या गळ्यातलं आहे का?"

मालकांचा हात सवयीने माझ्या कॉलरकडे आला आणि अर्ध्यातच थांबला. बँड त्यांनी ओळखला होता. 'राहू दे, शिपायाला सांगतो मी' हे स्वतःचे शब्दही आठवले असावेत, कारण ते मटकन बाकावर बसले. मित्रांनो, मी त्यांच्या अंगावर होतो. लाजेने माणसाचं अंग किती गरम होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

त्या शनिवारी त्यांनी मला काढून इथे टांगलं आणि नुसत्या सदऱ्यावर पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. वर्ग भरलेला होता. "भिंगरे, उलटतपासणी घे," ते म्हणाले.

"नको ना, बाबा."

"घे."

ती उठली. "खिडकीत बँड तुम्ही घातलात?"

"हो."

"खिडकी लागत नाही, हे मी तुम्हाला सांगितलं होतं?"

"हो, पण..."

विचारलं तेवढंच बोला, हे वाक्य त्या वर्गात सगळ्यांना पाठ होतं. भिंगरी मात्र पिंजऱ्याजवळ गेली आणि म्हणाली, "बोला, बाबा. पण काय? मी ऐकतेय."

मालकांकडे पुढे सांगण्यासारखं काही नव्हतं. तिच्याकडे होतं, आणि ते कुणी ऐकलं नव्हतं. ते पिंजऱ्यात उभ्या उभ्या रडले.

जाताना त्यांनी मला बरोबर नेलं नाही. नवा कोट शिवताना शिंप्याला सांगितलं म्हणे, कॉलर दुहेरी नको. ही पाटी तर त्यांच्या मागे कॉलेजने हौसेने लावली. ते असते तर त्यांनी ती स्वतः उखडली असती.

म्हणून मित्रांनो, मला झटकलं नाहीत तरी चालेल, वाळवी लागली तरी चालेल, पण ती पाटी तेवढी काढा. आणि माझी डावी कॉलर एकदा बोटांनी चाचपून बघा. शिंप्याने दुहेरी शिवलेली, तरी आरपार विरली आहे. समोरचं माणूस 'पण' म्हणालं, की जरा थांबत जा.

मालक पिंजऱ्यात उभे राहिले त्या संध्याकाळी मी दुरुस्त झालेल्या खिडकीच्या काचेतून त्या दोघांना घरी जाताना पाहिलं. भिंगरी हातवारे करून काहीतरी सांगत होती. काय ते मला ऐकू आलं नाही. मालक मान खाली घालून चालत होते आणि फाटकाबाहेर जाईपर्यंत त्यांनी तिला एकदाही मधे अडवलं नाही.